चार टोपणं तेल

परवा दुपारी मीटिंग चालू असताना लॅपटॉपच्या पडद्यावर माझा चेहरा पिवळा दिसायला लागला. आधी वाटलं, कॅमेरा बिघडला. खिडकीकडे बघितलं तर बाहेर सगळंच पिवळं, पाण्यात हळद कालवल्यासारखं, आणि समोरच्या शिरीषाचं एक पान हलत नव्हतं. दिल्लीत ज्यांनी दोन उन्हाळे काढलेत त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. दोरीवरचे कपडे आत, कठड्यावरच्या कुंड्या खाली, खिडक्यांना कड्या, दाराच्या फटीला ओलं फडकं. मी म्हटलं, "सॉरी, इधर आंधी आ रही है, पाँच मिनट." नोएडा, गुरुग्राम, द्वारका, सगळ्या चौकटींमधल्या माणसांनी समजूतदारपणे माना डोलावल्या, कारण प्रत्येकाच्या दोरीवर काही ना काही वाळत होतंच.

मी कड्या लावत असताना आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "मित्रा, मशीन काढून ठेवू का?"

मित्रा हे माझं नाव. बाबा म्हणजे माझे सासरे. मशीन म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, वयानं माझ्या लग्नापेक्षा मोठी. वैशाख लागला की ती माळ्यावरून उतरवायची आणि दाराशी वर्तमानपत्रावर ठेवायची, ही आमच्या घरची रीत. या दिवसांत लोकांच्या दाराशी आंब्याची पेटी असते. आमच्या दाराशी दोन्ही असतात, आणि आमच्या आंब्यांना किंचित पेट्रोलचा वास येतो. लेक म्हणते की इतर कुठले आंबे तिला आता फिकेच लागतात.

बाबा सरकारी बागखात्यात होते. चंद्रपूरकडच्या एका जंगलकाठच्या गावातून ऐन विशीत दिल्लीला आले आणि सगळी नोकरी या शहराच्या झाडांखाली काढली. खात्यानं मोडीत काढलेली करवत त्यांनी निवृत्त होताना घरी आणली. कधीकाळी ती नारिंगी असावी. आता तिला अमुक एक रंग आहे असं म्हणता येत नाही. बाबांचा नियम एकच: उभ्या झाडाला हात लावायचा नाही. पडलेलं, मोडलेलं, वाट अडवून बसलेलं, तेवढंच आपलं. आमची पटपडगंजची सोसायटी जुनी, तिच्यातली झाडं इमारतींच्या बरोबरीनं वाढलेली. एका आंधीत शहरभर इतकी झाडं आडवी होतात की सरकारी गाडी तरी कुठे कुठे पुरणार. म्हणून फाटकाशी काही पडलं की आमचे सेक्रेटरी त्यागीजी आधी आमची बेल वाजवतात आणि मग फोन फिरवायला बसतात.

बाबांना सत्तरी लागली तेव्हा त्यांचा उजवा हात थोडा कापायला लागला. एका संध्याकाळी त्यांनी करवत आणून माझ्यासमोर ठेवली. मुलाच्या, म्हणजे मिलिंदच्या समोर नाही. मिलिंदच्या हातून भिंतीत खिळा सरळ जात नाही, असं त्याच्या वडिलांचं मत आहे, आणि बारा वर्षांच्या संसारानंतर माझंही. त्या वर्षी मी वाळक्या फांद्यांवर हात बसवला. पायांत जाड बूट, डोळ्यांना चष्मा, कानांना बोंडं. "रेटायचं नाही," बाबा मागून सांगायचे, "तिचं वजन तिलाच टाकू दे." मी नागपूरची. ऊन मला नवं नव्हतं, धूळ नवी होती, आणि हातात गुरगुरणारं यंत्र धरून उभं राहण्यात इतका आनंद असतो हे तर अगदीच नवं होतं. ऑफिसात दिवसभर मी ज्या गोष्टी करते त्या संध्याकाळी कुणाला दाखवता येत नाहीत. कापलेला ओंडका दाखवता येतो.

तेव्हापासून कामाची वाटणी ठरली. कापणं माझं. गोल कानशीनं साखळीचे दात पाजळणं आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळणं बाबांचं. ही जुन्या स्कूटरसारखीच जात, नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. तेल कमी पडलं तर आतून भाजते, जास्त झालं तर धूर ओकते आणि गुदमरते. बाबांचं माप म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं एक टोपण. लेक लहान असताना आणलेल्या औषधाचं. औषध संपलं, खोकला गेला, टोपण राहिलं. एक लिटरला चार टोपणं. बाबा ती मोठ्यानं मोजतात. एक, दोन, तीन, चार, आणि मग टोपण फडक्यावर उपडं ठेवतात, म्हणजे पाचवं चुकूनही पडायला नको.

मला सांगायचंय ते तीन वर्षांपूर्वीच्या मोसमाबद्दल. त्या वर्षी आंध्या लवकर सुरू झाल्या आणि करवत बंद पडायला लागली.

पहिल्यांदा बंद पडली ती बी ब्लॉकच्या मागे, निलगिरीच्या फांदीवर. दहा मिनिटं झकास चालली, मग आवाज पातळ झाला, दोनदा खोकली आणि गप्प. दोर ओढून ओढून माझा खांदा भरून आला. बाबांनी तिला स्कूटरसारखी एका अंगावर कलती केली. त्यांच्या पिढीचा प्रत्येक यंत्रावरचा पहिला उपाय तोच. तरी नाही. मी टाकीचं झाकण उघडून आत वाकून बघितलं. पेट्रोल होतं. बोट बुडवून चोळलं. बोट बुळबुळीत लागलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तेल जास्त पडलंय का?"

बाबा म्हणाले, "चारच घातली."

मग टाकीकडे बघत म्हणाले, "चारच घातली असावीत."

ते 'असावीत' मी ऐकलं आणि मनात टिपून ठेवलं, कारण तो महिना आमच्या घरात टिपून ठेवण्याचाच होता. बाबांनी दूध गॅसवर ठेवलं आणि पेपर वाचत बसले. जेवताना एकाच रोपवाटिकेची गोष्ट दोनदा सांगितली. लेकीला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली. मेट्रोत अक्षरधामला उतरायचं ते एक स्टेशन पुढे गेले. मिलिंद तेव्हा चंदिगडला बदलीवर होता, शनिवारी यायचा. मी त्याला हे सगळं फोनवर सांगायची, हळू आवाजात, बाल्कनीत उभी राहून. पंचाहत्तरीच्या माणसानं इतपत करणं म्हणजे काहीच नाही, हे आज मला कळतं. तेव्हा मी यादी करत होते, आणि यादी करायला लागलं की ती भरतेच.

खाली उभ्या उभ्या मी टाकीतलं मिश्रण ओतून टाकलं. वर जाऊन स्वयंपाकघरातल्या खुणा केलेल्या मापानं, डोळ्यांच्या रेषेत धरून, नवं तयार केलं. टाकी भरली, दोर ओढला, करवत लागली, आणि उरलेल्या दोन फांद्या बघता बघता कापून झाल्या. आणखी काय पुरावा हवा होता?

माझा धंदा चुका शोधण्याचा आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून द्यायच्या, त्याचा मला पगार मिळतो. या धंद्याचा पहिला धडा असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशानं आला ते कळत नाही. नव्या मुलींना मी हे इतक्या वेळा ऐकवलंय की त्या माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात. त्या दिवशी मी एकच गोष्ट बदलली होती, मिश्रण. निदान मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एक नवा कॅन आणला. त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली: 'मित्रानं मिसळलेलं. यातलंच वापरणे.' बाबांचं नाव मी लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती, घरात मिसळणारं दुसरं होतं कोण? बाबांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं." आणि ते टोपण त्यांनी स्वतःच्या हातानं कानशींच्या डब्यात ठेवून दिलं. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, मनाला लावून घेतलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. बाबा भांडले असते तर बरं झालं असतं. ते कबूल करून बसले होते. चहा करताना साखर घालायच्या आधी मला हाक मारायचे, "तीनच ना ग?" स्वतःच्या गोळ्या आठवड्याच्या आठवडा मला मोजायला लावायचे. वैशाख पौर्णिमेला आमच्याकडे खीर ते करतात. आई, म्हणजे सासूबाई, होत्या तेव्हाही तेच करायचे, कारण आईंच्या हातून दूध लागतं असा त्यांचा दावा होता. त्या वर्षी पातेलं, तांदूळ, दूध सगळं ओट्यावर मांडून ते बाजूला उभे राहिले. "तू घाल, मी सांगतो," म्हणाले. आणि सांगितलंही काही नाही. संध्याकाळी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लावल्या, वारा सुटला, तीनदा विझल्या, तीनदा लावल्या. खीर नेहमीपेक्षा पातळ झाली होती. सगळ्यांनी छान झाली म्हणून खाल्ली, बाबांनी सगळ्यांत आधी.

इकडे करवतीचं चालूच होतं. कारण ती माझ्या मिश्रणावरही बंद पडली. मी मुळीच डगमगले नाही. झाकण उघडून पेट्रोल बघितलं, मग एअर फिल्टर काढून साबणाच्या पाण्यानं धुतला, वाळवला, बसवला. लागली. पुढच्या आठवड्यात पुन्हा पडली. झाकण उघडलं, पेट्रोल बघितलं, प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासला. लागली. नंतर धुराच्या जाळीवरची काजळी खरवडली. लागली. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला. लागली. वहीत तारीखवार नोंदी होत्या: लक्षण, उपाय, निकाल. त्या मोसमात मी केलेला प्रत्येक उपाय लागू पडला. इतका यशस्वी मेकॅनिक दिल्लीत दुसरा नसेल. फक्त दर दहा मिनिटांनी मला नवं यश मिळवावं लागत होतं.

आणि खरं सांगायचं तर मी मजेत होते. बाल्कनीत वर्तमानपत्रावर स्क्रू ओळीनं मांडून बसायचं, नखांत काळं, केसांत धूळ, खालून कुल्फीवाल्याची घंटा. ते दिवस मला सुखाचे वाटत होते. आतल्या खोलीत एक माणूस दिवसेंदिवस लहान होत चाललाय, हे मला दिसत होतं, पण त्याचं कारण मी वयावर लिहून मोकळी झाले होते. बाबा एकदाही बाल्कनीत डोकावले नाहीत. ज्यांनी आयुष्यभर असली मशीनं उघडली त्यांनी यावं आणि बघावं, असं मलाही एकदा सुचलं नाही. ते काय बघणार, असं वाटलं असावं. 'असावं' म्हणते, पण वाटलंच होतं.

मग ज्येष्ठातली ती मोठी आंधी आली. सकाळी सातलाच. अर्धा तास काही दिसत नव्हतं, नुसता पत्र्यांचा आवाज. धूळ खाली बसली तेव्हा फाटकाजवळचा जुना शिरीष मुळासकट आडवा होता, बाहेर पडायची वाट पूर्ण बंद. सगळीकडे त्याची ती मऊ, केसाळ फुलं पसरलेली, आणि कोवळा गोड वास. वीज गेलेली. शाळेच्या बस पलीकडे, मुलं अलीकडे, ऑफिसला निघालेली माणसं टायसकट फांद्यांवरून उड्या मारतायत. त्यागीजी बनियनवर शर्टाची बटणं लावत म्हणाले, "मैडम, अब आपका ही सहारा है."

सहारा दहा मिनिटं चालला. मग खोकला आणि गप्प. झाकण उघडलं, पेट्रोल बघितलं, दोर ओढला, लागली. दहा मिनिटं. पुन्हा. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा भोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडे सल्ला होता. माझी वही वर होती, आणि तिच्यातले उपाय संपले होते. मी करवत खाली ठेवली आणि चार मजले चढून वर गेले.

"बाबा, खाली चला."

ते पलंगावर बसले होते. "मी येऊन काय करू?"

"नुसते बसा."

"नको ग. लोक असतात. माझ्यामुळे आणखी काही व्हायचं."

हे वाक्य ऐकलं आणि मला रडूच आलं. घामाचं निमित्त होतं म्हणून पदरानं तोंड पुसावं तसं ओढणीनं पुसलं आणि त्यांच्या चपला त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. सुनेनं चपला ठेवल्या की बाबा संकोचानं उठतातच. हा माझा हुकमी उपाय आहे.

खाली त्यागीजींनी त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. मी दोर ओढला, करवत लागली, दहा मिनिटांनी बंद पडली. मी झाकण उघडलं.

"थांब," बाबा म्हणाले. "काय आवाज आला?"

"कुठे काय?"

"झाकणाचा. पुन्हा लाव, चालव, आणि बंद पडली की माझ्यासमोर उघड."

तसं केलं. या वेळी बाबा खुर्चीवरून उठून माझ्याशेजारी उकिडवे बसले होते. मातीतलं शिरीषाचं एक फूल त्यांनी उचललं, त्याचा एक केसर तोडला आणि झाकणाच्या कडेला धरला. "हळू उघड. अगदी सावकाश." मी फिरवलं. सुस्स झालं, जेमतेम ऐकू येईल इतकं, आणि तो केसर झाकणाच्या फटीकडे ओढला गेला आणि चिकटला.

"आत घेतला," बाबा म्हणाले. "श्वास आत घेतला तिनं. उन्हानं टाकी फुगते तेव्हा बाहेर सोडते, ते ठीक. ही आत घेतेय."

मला काही उमगलं नाही. त्यांनी त्यागीजींना पाण्याची बाटली मागितली, प्लास्टिकची, अर्धी प्यालेली. ती तोंडाला लावून, ओठ न सोडता, पाणी ओढत राहिले. बाटली चेपत गेली आणि एका क्षणी पाणी येईना. मग ओठ सोडले, बाटली फट्कन सरळ झाली. "टाकीतून पेट्रोल जाईल तशी वरून हवा आत यायला पाहिजे. तिला एक बारीक भोक असतं त्यासाठी. ते बुजलं की पेट्रोल ओढलं जात नाही, मशीन मरते. तू झाकण उघडलंस की हवा आत जाते, पुन्हा दहा मिनिटं."

त्यांचा आवाज मला कितीतरी दिवसांनी ओळखीचा वाटला. मी वही आठवत होते. फिल्टर, प्लग, जाळी, स्क्रू, आणि सगळ्यांच्या आधी प्रत्येक वेळी: झाकण उघडून पेट्रोल बघितलं. मिश्रण बदललं त्या पहिल्या दिवशीसुद्धा. एका वेळी एकच गोष्ट बदलणाऱ्या बाईनं दर वेळी दोन बदलल्या होत्या.

बाबांनी करवत मांडीवर घेतली आणि टाकीच्या कडेनं बोट फिरवत नेलं. मुठीच्या खाली, आतल्या अंगाला, ते थांबलं. "पेचकस दे." टोकानं खरवडून त्यांनी काहीतरी उकललं आणि तळहातावर घेतलं. वाटाण्याएवढा, पांढरा, दगडासारखा कडक गोळा. त्याच्या एका बाजूला अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट उमटला होता की रेषा मोजून घ्याव्यात. आणि अंगठ्यावर आडवी एक खूण, लहानपणी विळीनं कापलेली. माझी.

मग मला सगळं आठवलं. होळीच्या आधीचा रविवार, रजया ट्रंकेत भरायचे दिवस. बाबा एका लग्नासाठी नागपूरला गेले होते, म्हणून थंडीत एका पडलेल्या फांदीसाठी उतरवलेली करवत मीच गुंडाळून माळ्यावर आडवी टाकली होती. टाकी रिकामी करायची असते हे लक्षात न ठेवता. त्याच दिवशी सिंकखालचा पाइप गळत होता म्हणून मी दोन कांड्या मळून करायची ती भोकं बुजवायची पांढरी लांबी आणली होती. पाइपाला लागली अर्धी. उरलेली अर्धा तासात कडक होणार, फेकायची कशी? आमच्या घरात उरलेलं फेकत नाहीत, मग ते वरण असो की लांबी. ती चिमटीत घेऊन मी घरभर भोकं शोधत फिरले. न्हाणीघरातली टाइल, तुळशीच्या कुंडीची चीर, इस्त्रीची सैल मूठ. आणि माळ्यावरून रजयांना पेट्रोलचा वास येतोय म्हणून वर चढून बघितलं, तर करवतीच्या एका बारीक भोकातून थेंब पाझरत होता. केवढा आनंद झाला होता मला. शेवटचा गोळा तिथे दाबला, अंगठ्यानं गुळगुळीत केला आणि विसरून गेले. साफ विसरून गेले. आणि त्यानंतर सगळा मोसम मी घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या विसरण्याची यादी करत होते.

"बाबा," मी म्हटलं, "हे मी केलंय."

"दिसतंय," बाबा म्हणाले. गोळा त्यांनी उन्हात धरून फिरवून बघितला. "काम सफाईदार आहे. एक थेंब गळला नसेल."

"म्हणजे तुमची चारच टोपणं होती."

"हो ना. चारच होती." हे ते मला नव्हे, स्वतःलाच सांगत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू चुकलीस त्याचं मला काही नाही, मित्रा. माणूस आहे. पण मला खरं वाटायला लागलं होतं. चौथं घातलं की पाचवं, ते मी रोज आठवून बघत होतो. आठवेना. जे घडलंच नाही ते कसं आठवणार?"

त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. त्यागीजींना वाटलं, मशीन कायमचीच गेली. ते घाईनं म्हणाले, "कोई बात नहीं अंकलजी, गाड़ी बुला लेते हैं." बाबा हसले. "त्यागीजी, आप बस बच्चों को पीछे करो." मी दोर ओढला. करवत लागली आणि चालत राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पाऊण तास. टाकी कोरडी होऊन आपोआप थांबली तेव्हा बसपुरती वाट मोकळी झाली होती. बाबा खुर्चीत बसून एक पाय हलवत होते, गाणं ऐकत असल्यासारखा.

पुन्हा टाकी भरायची वेळ आली तेव्हा मी वर जाऊन माझा चिठ्ठीवाला कॅन नाही, कानशींचा डबा आणला आणि टोपण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चार मोजली, मोठ्यानं, टोपण उपडं ठेवलं. मग कॅन माझ्यापुढे धरून विचारलं, "बरोबर आहे ना? बघ जरा."

हे त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं.

करवत दुरुस्त झाली, हा प्रश्न मात्र राहून गेला. त्याच्या पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या, प्रत्येक वेळी मिश्रण करून झालं की "बरोबर आहे ना, बघ जरा." मी म्हणायची, "बघायचं काय त्यात?" ते म्हणायचे, "तरी बघ." आणि मी बघितल्यासारखं करायची. चिठ्ठी मी केव्हाच फाडून टाकली होती, पण प्लास्टिकवर तिच्या गोंदाचा चौकोन राहिला आणि त्यावर धूळ बसते. पुसला तरी पुन्हा बसते. त्या चौकोनाकडे बघितलं की मला दर वेळी चोरट्यासारखं व्हायचं.

बाकी आमचं छान चाललंय. मिलिंद बदली होऊन दिल्लीत परत आला. तो पांढरा गोळा बाबांनी फेकू दिला नाही, तो कानशींच्या डब्यात असतो. मी कुणाची चूक फार ठामपणे सांगायला लागले की ते तो डबा नुसता खडखडवतात. लेकीनंही ती खोड उचलली आहे. बाबा आता विसरतात, खरोखरच विसरतात, मी ते नाकारत नाही. शेजाऱ्यांची नावं, कालची भाजी. रोपवाटिकेची गोष्ट आता मला पाठ आहे, मधेच ते अडले तर पुढचं मी सांगते. खीर मात्र पुन्हा दाट झालीय.

परवाची आंधी तासभर चालली. खिडक्या लावूनही जिभेवर माती आलीच. मग थोडे टपोरे थेंब पडले, हवा एकदम गार झाली, आणि कोपऱ्यावरच्या जांभळाची मोठी फांदी पार्किंगच्या तोंडावर मोडून पडल्याचं बाल्कनीतूनच दिसलं. बेल वाजली. त्यागीजींचे केस या तीन वर्षांत पांढरे झालेत. "अंकलजी हैं?" त्यांनी विचारलं. चौकशी माझी नव्हती, त्यांची होती.

बाबांनी वर्तमानपत्रावर मांडी घातली. कॅन जवळ ओढला, एक लिटर ओतलं, डब्यातून टोपण काढलं. एक, दोन, तीन, चार. हात कापत होता. पण कापत्या हातानं कसं ओतायचं ते आता त्या हाताला ठाऊक आहे, थेंब सांडला नाही. टोपण फडक्यावर उपडं. कॅन हलवला, टाकी भरली, झाकण फिरवलं. मी शेजारी उभी होते, बूट घालून, नेहमीच्या प्रश्नाला 'बघायचं काय त्यात' हे तयार ठेवून.

बाबांनी हात फडक्याला पुसले, करवत माझ्याकडे सरकवली आणि वर बघितलं.

"उभी काय राहिलीस?" ते म्हणाले. "चल, तो त्यागी खाली थांबलाय."